हालचाल जाणवल्याची तारीख

(गरोदर स्त्रियांच्या तपासणीची खोली. एक पलंग, एक टेबल, एक कपाट, भिंतीशी वजनकाटा. शेजारी रक्त तपासण्याची खोली. मध्ये दार नाही, पडदा आहे.)

शिवणकरीण : नाही म्हणाले ना, सिस्टर. नाही जाणवलं.

सिस्टर : मागच्या महिन्यात हेच म्हणालीस. त्याच्या आधीच्या खेपेलाही हेच. तेव्हा मी ऐकून घेतलं, कारण पोट बेंबीच्या खाली होतं. आता हे बघ, माझी दोन बोटं बेंबीच्या वर बसताहेत. साडेपाच महिने भरत आले तुझे. आणि हे दुसरं आहे. दुसऱ्या वेळी बायकांना लवकर कळतं, उशिरा नाही.

शिवणकरीण : दिवसभर मशीनवर असते मी. एका रांगेत चाळीस मशीन. टेबल हलतं, खुर्ची हलते, तोंडातले दात हलतात. त्यात पोटात काय हललं ते कसं ओळखायचं?

सिस्टर : आणि रात्री? रात्री तरी दात स्वस्थ बसत असतील.

शिवणकरीण : रात्री झोपते.

सिस्टर : लगेच?

शिवणकरीण : पडल्या पडल्या.

सिस्टर : नशीबवान आहेस. पाय लांब कर. मच्छरदाणी लावतेस ना, की ती खुंटीवर झोपते?

शिवणकरीण : लावते. पण तुम्ही दिलेली दोघांची आहे. एकटीला फार मोठी होते. त्याची बाजू मी दुमडून ठेवते.

सिस्टर : दुमडू नकोस. डास तिथूनच आत येतो. त्याची बाजूसुद्धा गादीखाली नीट खोचायची.

शिवणकरीण : त्या बाजूला गादी नाही. गुंडाळून ठेवली आहे.

सिस्टर : मग उलगड. तो येईपर्यंत काय झिजणार आहे ती? कधी यायचा आहे तो?

शिवणकरीण : बोगदा आरपार झाला की. डोंगराच्या दोन्हीकडून खोदताहेत म्हणे. मध्ये किती उरलंय ते कुणी सांगत नाही.

सिस्टर : त्याला तरी सांगितलंस का?

शिवणकरीण : काय?

सिस्टर : काय म्हणजे? ज्यावर माझा हात आहे ते.

शिवणकरीण : फोनवर पोट दिसत नाही.

सिस्टर : अगं, म्हणजे नवऱ्याला अजून ठाऊकच नाही?

शिवणकरीण : तो गेला तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मग राहून गेलं. दर रविवारी बोलतो आम्ही. मी छपराचं सांगते, मशीनचं सांगते, तो जेवला का विचारते. तो म्हणतो, आणखी काय नवीन? मी म्हणते, काही नाही.

सिस्टर : आणि त्याला ते पटतं.

शिवणकरीण : बराच वेळ फोन ठेवत नाही तो.

सिस्टर : थांब. बोलू नकोस जरा.

शिवणकरीण : काय झालं?

सिस्टर : हे काय होतं?

शिवणकरीण : कुठे काय?

सिस्टर : माझ्या तळहाताला ढुशी बसली आत्ता.

शिवणकरीण : वायू असेल.

सिस्टर : तेवीस वर्षं पोटांवर हात ठेवतेय मी. वायूला टाच नसते. हे बघ, पुन्हा. मला कळलं आणि तुला कळलं नाही?

शिवणकरीण : मला नाही कळलं.

सिस्टर : बरं. तुला नाही कळलं. मला कळलं, तेवढं पुरे. ऊठ, सावकाश. कार्ड कुठे आहे तुझं? हा रकाना दोन महिने कोरा ठेवलाय मी, ‘हालचाल जाणवल्याची तारीख’. एकदा इथे तारीख पडली की पहिला डोस. तीन गोळ्या, इथेच, माझ्यासमोर गिळायच्या. मग दर महिन्याला तीन, बाळंत होईपर्यंत. मलेरिया तुला झाला नाही तरी बाळाला झळ लागू नये म्हणून. आधीच एक डोस हुकलाय तुझा. थांब, कपाटातून काढते. हे बघ, हे पाकीट पुन्हा हातात आलं. तीन गोळ्या आत, वर नाव नाही गाव नाही, नुसता एक्केचाळीस आकडा. मी या केंद्रात आले त्या दिवसापासून हे इथे आहे. टाकायला निघाले की पलीकडून भिंगवाले काका म्हणतात, राहू द्या. आणि गंमत म्हणजे पाकीट जुनं, पण आतल्या गोळ्या दर खेपेला नव्या. जाऊ दे. या तुझ्या. आणि आजची तारीख...

शिवणकरीण : लिहू नका.

सिस्टर : कार्ड सोड.

शिवणकरीण : नका लिहू, सिस्टर. पाया पडते.

सिस्टर : पाया कसली पडतेस, वाकू नकोस. बस इथे. काय झालंय?

शिवणकरीण : गोळ्या द्या. मी घेते. फक्त ते लिहू नका.

सिस्टर : न लिहिता कशी देऊ? उद्या माझ्या जागी दुसरी बसली, तर तिनं पुढचा डोस कशाच्या आधारावर द्यायचा? एका रकान्यावर दुसरा उभा असतो, बाई. खालचा कोरा ठेवून वरचा भरता येत नाही मला.

शिवणकरीण : मग राहू द्या. पुढच्या महिन्यात बघू.

सिस्टर : पुढच्या महिन्यात काय निराळं होणार आहे?

शिवणकरीण : एक महिना जास्त झालेला असेल.

सिस्टर : हे बघ, मी तुझ्यावर रागावत नाही. मला एवढंच सांग, चार अक्षरांची तारीख, तिची तुला एवढी भीती कसली?

शिवणकरीण : मागच्या वेळी मी विचारल्याबरोबर सांगितलं होतं. याच खुर्चीवर. तुम्ही नव्हता तेव्हा, आधीच्या सिस्टर होत्या. म्हणाल्या, हललं का गं? मी म्हटलं, हललं. हसत म्हटलं. त्यांनी निळ्या शाईनं तारीख लिहिली आणि खाली रेघ मारली. बाहेर पडल्या पडल्या मी त्याला फोन केला, आज लिहून घेतलं म्हणून. तो तेव्हाही बोगद्यावरच होता, दुसऱ्या. त्यानं आतल्या सगळ्या माणसांना ओरडून सांगितलं. बोगद्यात आवाज घुमतो ना, मला इथे तीन-तीनदा ऐकू आलं. त्यानंतर एकोणीस दिवस. एकोणिसाव्या दिवशी थांबलं.

सिस्टर : अगं माझे आई.

शिवणकरीण : मग मी पुन्हा त्यालाच फोन केला. त्या वेळी त्यानं कुणाला काही ओरडून सांगितलं नाही.

सिस्टर : तारीख लिहिल्यानं मूल जात नसतं, पोरी.

शिवणकरीण : मग कशानं गेलं? तुम्ही सांगा. मी तेव्हाही विचारलं होतं. म्हणाले, कधी कधी होतं असं. कधी कधी म्हणजे काय, सिस्टर? माझ्या हातून कॉलर वाकडी बसली, तर सुपरवायझर मला ‘कधी कधी होतं’ म्हणू देत नाही. कुठे चुकलं ते उसवून दाखवावं लागतं. मी सगळं उसवून पाहिलं. वरच्या फळीवरचा डबा काढला होता, तो दिवस पाहिला. बस सुटेल म्हणून धावले होते, तो पाहिला. शेजारणीशी भांडले होते, तोही पाहिला. सगळ्या शिवणी सरळ निघाल्या. वाकडी एकच सापडली. मी बोलून दाखवलं आणि ते लिहिलं गेलं.

सिस्टर : आणि म्हणून या वेळी नवऱ्याला नाही, मला नाही, कुणालाच नाही.

शिवणकरीण : मलासुद्धा नाही. पोटातल्याविषयी मनात काही आलं की मी टाके मोजायला लागते.

भिंगवाले काका : आत येऊ का? आजच्या रक्ताच्या अकरा काचा वाचून झाल्या.

सिस्टर : या काका. पडद्याआडून सगळं ऐकलंतच असेल.

भिंगवाले काका : माझं लक्ष भिंगात होतं.

सिस्टर : भिंगात डोळा असतो तुमचा, कान नाही.

भिंगवाले काका : कानांना झाकण नसल्यामुळे थोडंसं ऐकू आलं. हे निकाल. वरून चौथा यांचा.

शिवणकरीण : माझा काय आला, काका?

भिंगवाले काका : निरंक. दोनशे ठिकाणी पाहिलं. हिवतापाचा जंतू आढळला नाही.

सिस्टर : यांना एका शब्दाच्या जागी तीन वाक्यं लागतात. ‘नाही’ म्हणा की सरळ.

भिंगवाले काका : ‘नाही’ असं मला म्हणता येत नाही, सिस्टर. ‘आढळला नाही’ एवढंच म्हणता येतं. जे मी पाहिलं नाही, त्याच्याविषयी मी काय बोलणार? पूर्वी बोलत असे.

शिवणकरीण : ऐकलंत ना, सिस्टर? ताप नाही, थंडी नाही, काकांच्या काचेत काही नाही. तिन्ही महिने निरंक. मग आणखी महिनाभर थांबले, तर काय बिघडतं? येते मी. दुपारच्या पाळीला अर्धा तास उरलाय.

भिंगवाले काका : बाई, बसा.

शिवणकरीण : उशीर होतोय, काका.

भिंगवाले काका : बसा. तुम्ही आत्ता बोललात ते वाक्य माझं आहे.

शिवणकरीण : कोणतं?

भिंगवाले काका : ‘आणखी महिनाभर थांबली, तर काय बिघडतं.’ सव्वा वर्षापूर्वी, याच टेबलापाशी, याच कपाटाला पाठ लावून मी ते बोललो. तुमच्याविषयी बोललो.

सिस्टर : काका, आत्ता नको.

भिंगवाले काका : आत्ताच. ‘आत्ता नको’ असं मी स्वतःला यापूर्वी बऱ्याच वेळा सांगून पाहिलं आहे.

शिवणकरीण : माझ्याविषयी काय बोललात?

भिंगवाले काका : त्या दिवशी तुम्ही हालचाल जाणवल्याचं सांगितलंत, तारीख लिहिली गेली. म्हणजे तुम्हाला गोळ्या मिळायला हव्या होत्या. आठवून पाहा, मिळाल्या का?

शिवणकरीण : नाही. पुढच्या खेपेला ये म्हणाल्या.

भिंगवाले काका : कारण डबीत एकीपुरत्याच उरल्या होत्या आणि बायका दोघी होत्या. नवा साठा यायला महिना होता. सिस्टरनी मला हाक मारली, काका, या दोघींतली कोण थांबू शकेल? दुसरी पांढरीफटक होती, जिना चढताना धापा टाकत होती. काचा दोघींच्याही निरंक. तुमची मी जरा जास्तच बारकाईनं पाहिली होती. म्हणालो, हिचं रक्त आरशासारखं आहे. ही महिनाभर थांबली, तर काय बिघडतं? त्यांनी माझं ऐकलं. माझं सगळे ऐकत असत. सव्वीस वर्षं भिंगापुढे बसलो होतो मी.

शिवणकरीण : आणि?

भिंगवाले काका : आणि हिवताप तुमच्या बोटातल्या रक्तात नव्हताच. गरोदर बाईच्या अंगात तो पुष्कळदा वारेत जाऊन बसतो. वार म्हणजे आई आणि मूल यांच्या मधली...

शिवणकरीण : वार ठाऊक आहे मला. मी बाळंत झाले आहे.

भिंगवाले काका : चुकलो. तो वारेत दडतो. बोट टोचून आलेल्या थेंबात काही दिसत नाही, ताप येत नाही, बाई कामावर जाते, हसते. आत मुलाच्या वाटणीचं अडवलं जातं. पहिलटकरणीच्या बाबतीत तर फार. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं. पण स्वतःच्या भिंगापुढे मला पुस्तक कमी वाटलं.

शिवणकरीण : माझ्या वारेत होता, हे तुम्हाला कसं कळलं? वार काय कुणी तुम्हाला आणून दाखवली?

भिंगवाले काका : दाखवली. त्या वर्षी वरून आदेश होता. पलीकडच्या प्रसूतिगृहात जे बाळंतपण होईल, त्या वारेचा एक थेंब काचेवर घेऊन माझ्याकडे पाठवायचा. काचेवर नाव नाही, नुसता क्रमांक. किती वारांत हिवताप आहे ते त्यांना मोजायचं होतं. कुणाच्या वारेत आहे, ते कुणी विचारलं नव्हतं. म्हणून माझी एक वही बायकांची आणि दुसरी वारांची. या वहीतलं त्या वहीत कधी जात नसे. मात्र एका काचेत हिवताप दिसला, त्या दिवशी प्रसूतिगृहात एकच बाळंतपण झालं होतं. ते तुमचं होतं.

सिस्टर : क्रमांक?

भिंगवाले काका : एक्केचाळीस.

सिस्टर : काका, हे पाकीट...

भिंगवाले काका : यांच्यासाठी होतं. पुन्हा कधी येतील त्या दिवशी डबी रिकामी असू नये म्हणून.

शिवणकरीण : सव्वा वर्ष?

भिंगवाले काका : साठा आला की जुन्या गोळ्या डबीत टाकून नव्या भरत होतो. तपासणीच्या दिवशी खिडकीतून बाकावरच्या बायका पाहायचो. तुम्ही नसायचात.

शिवणकरीण : मी नसायचे. मी घरी होते, काका. वरच्या फळीकडे बघत बसले होते. कार्डावर माझा पत्ता होता. दहा मिनिटांची वाट आहे.

भिंगवाले काका : दोनदा आलो होतो. दुसऱ्या वेळी कारखान्याच्या फाटकापर्यंत. भोंगा झाला, सगळ्या बायका निघून गेल्या. तुम्ही फाटकाला पाठ लावून उभ्या होतात. निघतच नव्हतात.

शिवणकरीण : घरी जायचं नव्हतं.

भिंगवाले काका : मी परत फिरलो.

शिवणकरीण : आणि यंदा? तीनदा माझं बोट टोचलंत. तीनदा माझ्या तोंडाकडे पाहिलंत.

भिंगवाले काका : स्वतःची समजूत घातली. आता गोळ्या मिळतील, सगळं नीट होईल, मग जुनं उकरायचं कशाला? या युक्तिवादात मला एकही दोष सापडला नाही. म्हणूनच त्याच्याविषयी संशय यायला हवा होता.

सिस्टर : पुरे काका. तिचा चेहरा बघा.

शिवणकरीण : माझ्या चेहऱ्याला काही झालेलं नाही. गोळ्या मिळाल्या असत्या, तर ते जगलं असतं का?

भिंगवाले काका : तसं मी सांगणार नाही. सांगितलं तर ते पुन्हा ‘नाही’ म्हणण्यासारखंच होईल, न पाहता बोलणं. जगण्याची शक्यता वाढली असती, इतकंच मी म्हणेन. पण एक गोष्ट मी पाहिली आहे, ती ठामपणे सांगतो. त्या दिवशी या टेबलापाशी दोन वाक्यं बोलली गेली. एक तुमचं, हललं म्हणून. दुसरं माझं. तुम्ही सव्वा वर्ष स्वतःचं उसवत बसलात. वाकडी शिवण माझ्या वाक्यात होती.

शिवणकरीण : ती काच कुठे आहे?

भिंगवाले काका : माझ्या खणात.

शिवणकरीण : दाखवा.

सिस्टर : अगं, कशाला? आधी पाणी पी.

शिवणकरीण : उसवून दाखवतात, सिस्टर. नुसतं सांगत नाहीत.

भिंगवाले काका : या. पडद्याची दोरी पायात येईल, जपून. या स्टुलावर बसा. एक डोळा इथे लावा, दुसरा मिटू नका, नाहीतर पाणी येतं. हे चाक हळूच फिरवा. धूसर दिसेल, मग स्पष्ट होईल.

शिवणकरीण : आभाळ दिसतंय. फिकट जांभळं. त्यात काळं काहीतरी.

भिंगवाले काका : तपकिरी-काळे कण?

शिवणकरीण : हो. कंदिलाची काच पुसल्यावर बोटाला लागतं तसं. खूप आहेत.

भिंगवाले काका : जंतू रक्त खातात आणि मागे ती राख ठेवतात.

शिवणकरीण : इतके दिवस हे होतं आत. मी जेवत होते तेव्हा. त्याला फोन करत होते तेव्हा.

भिंगवाले काका : त्याच्याही आधीपासून असावं. तुम्ही कुणालाही काहीही सांगण्यापूर्वीपासून.

शिवणकरीण : आधीपासून?

भिंगवाले काका : एकोणीस दिवसांत इतकी राख साठत नाही, बाई. ती साचायला वेळ लागतो.

शिवणकरीण : यात बाळाचं काही आहे का?

भिंगवाले काका : नाही. वारेचा थेंब आहे.

शिवणकरीण : वार कुणाची असते, काका? त्याची का माझी?

भिंगवाले काका : दोघांची. तेवढीच एक जागा दोघांची असते.

शिवणकरीण : जरा थांबते इथे.

सिस्टर : थांब. घाई नाही. कारखान्यात मी चिठ्ठी देते, तपासणीला वेळ लागला म्हणून. काका, तुम्ही या इकडे. तिला बघू द्या. आणि तुम्हीही बसा.

भिंगवाले काका : मी उभाच बरा आहे.

सिस्टर : वर्षभर एका पडद्याअलीकडे-पलीकडे बसतो आपण. मला तरी सांगायचं होतं.

भिंगवाले काका : तुम्ही लगेच क्षमा केली असतीत. तुमचा स्वभाव तसा आहे. त्याचा मला काही उपयोग नव्हता.

सिस्टर : आणि मी काय वेगळं केलं? गेल्या महिन्यात ही ‘नाही’ म्हणाली आणि मी शब्दावर विश्वास ठेवला, हातावर नाही. तेव्हाच नीट दाबून पाहायला हवं होतं.

शिवणकरीण : सिस्टर.

सिस्टर : आलीस? बस. डोळे पूस.

शिवणकरीण : भिंगानं पाणी आलं. काका, ती दुसरी कशी आहे?

भिंगवाले काका : कोण दुसरी?

शिवणकरीण : जिला माझ्या गोळ्या मिळाल्या. जिना चढताना धापा टाकणारी.

भिंगवाले काका : तिला मुलगी झाली. गेल्या पंधरवड्यात लस टोचायला आणली होती.

शिवणकरीण : चालते?

भिंगवाले काका : धरून उभी राहते. माझ्या टेबलाची कड धरली होती तिनं. सोडायलाच तयार नव्हती.

शिवणकरीण : केस आहेत?

भिंगवाले काका : पुष्कळ. डोळ्यांवर येत होते.

शिवणकरीण : बरं झालं. कुणीतरी एक झालं.

भिंगवाले काका : बाई, मी तुमची क्षमा मागत नाही. ती मागायची ती फाटकापाशीच मागायला हवी होती. माझं एवढंच मागणं आहे, माझ्या निरंकाच्या भरवशावर दुसऱ्यांदा घरी जाऊ नका.

शिवणकरीण : क्षमा मी करणारही नाही, काका. निदान आज नाही. आज मला उशीर झालाय. पाकीट कुठे आहे?

सिस्टर : अगं, या काढल्यात ना तुझ्यासाठी डबीतून. त्याच गोळ्या आहेत.

शिवणकरीण : त्या ठेवा. दुसऱ्या कुणाला लागतील. पाकिटातल्या द्या.

सिस्टर : बरं. हात पुढे कर. तिन्ही एकदम नको, एकेक. हे पाणी. काका, असे काय बघताय, तिला गिळू तर द्या.

भिंगवाले काका : माफ करा. मोजत होतो.

सिस्टर : तीनच आहेत. तीनपर्यंत मलाही येतं. गेली? दुसरी. तिसरी. तोंड उघड बघू. शाबास. आता अर्धा तास बाकावर बस, उलटली तर पुन्हा द्यावी लागेल. आणि घरी गेल्यावर पहिलं काम कोणतं?

शिवणकरीण : मच्छरदाणी.

सिस्टर : दोन्ही बाजू.

शिवणकरीण : दोन्ही बाजू. गादी उलगडते.

सिस्टर : आणि रविवारी?

शिवणकरीण : रविवारला अजून तीन दिवस आहेत, सिस्टर.

सिस्टर : मी काही म्हटलं नाही.

शिवणकरीण : तो विचारेलच, आणखी काय नवीन. या वेळी त्याला सांगेन, ओरडू नकोस, नुसतं ऐक.

सिस्टर : बरं. कार्ड. मी पेन हातात घेतलंय, बघ. तू म्हणशील तर लिहिते, नाहीतर काहीतरी वाट काढते. नियमाला एखादी खिडकी असेलच.

शिवणकरीण : लिहा.

सिस्टर : नक्की?

शिवणकरीण : लिहा. रेघ मारू नका फक्त.

सिस्टर : नाही मारत. मग आजची तारीख घालते. माझ्या हाताला आज लागलं म्हणून.

शिवणकरीण : आजची नको. ती खोटी होईल.

भिंगवाले काका : मग कोणती?

शिवणकरीण : गेल्या महिन्याची चार. मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून गेले होते.

सिस्टर : म्हणजे मागच्या खेपेला तू माझ्यासमोर बसलीस, तेव्हा...

शिवणकरीण : आठ दिवस झाले होते.

सिस्टर : आणि मशीनची धडधड? चाळीस मशीन, हलणारे दात?

शिवणकरीण : बॉबिनचा दोरा संपला होता, सिस्टर, म्हणून माझं मशीन तेवढं थांबलं होतं. भरलेली दुसरी बॉबिन हातातच होती. मी बराच वेळ ती लावलीच नाही.